खानोलकरांच्या भुतांचा पिच्छा सोडा

चिं. त्र्यं. खानोलकर तथा आरती प्रभू यांच्यावर आमच्या सिंधुदुर्गात व्याख्यान असले, की दारिद्र्य, कोकणातला अंधार, देवचार आणि अकाली मृत्यू एवढे सगळे पहिल्या पाच मिनिटांत येऊन जाते. कविता मात्र शेवटपर्यंत येत नाही.

चरित्रातल्या या गोष्टी खोट्या नाहीत. १९३० साली वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई येथे जन्म, कुडाळची खानावळ, १९७६ साली सेहेचाळिसाव्या वर्षी मृत्यू, हे सारे खरेच. परंतु यातून साहित्याचा उलगडा होतो, हा समज खोटा. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्यातच १९२९ साली जन्मले. जयवंत दळवी त्याच तालुक्यातल्या आरवलीचे. समुद्र तोच, रात्रीही त्याच. मातीच लिहीत असती, तर हे तिघे एकमेकांपासून इतके दूर कसे गेले असते?

‘पण गूढता आहेच ना?’ असे कोणी विचारील. आहे, पण ती रचलेली आहे. ‘कोंडुरा’त (१९६६) दैवी वरदान आहे खरे, तथापि कादंबरीचा विषय त्या वरदानापायी माणसाचे काय होते, हा आहे. ‘जोगवा’ (१९५९), ‘दिवेलागण’ (१९६२) आणि ‘नक्षत्रांचे देणे’ (१९७५) या संग्रहांतली लय झपाटलेपणातून आपोआप उतरत नसते. आणि ब्रेख्तच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’वरून ‘अजब न्याय वर्तुळाचा’ लिहिणाऱ्या नाटककाराला ‘अंगात येणारा कवी’ म्हणणे हा त्याच्या मेहनतीचा अपमान आहे.

हा दोष आम्हा मराठीच्या अध्यापकांचाही आहे. ‘शापित प्रतिभा’ हे शब्द उत्तरपत्रिकेत दिसले, की आम्ही गुण देऊन मोकळे होतो. मालवण-वेंगुर्ल्याकडून वर्गात येणारी लिहिती मुले त्यातून एवढेच शिकतात, की वाचनाची आणि खाडाखोडीची गरज नाही. शाप तेवढा हवा. तो नसला, की ती लिहिणेच सोडून देतात. दंतकथेचे हे खरे नुकसान.

खानोलकरांची पुण्यतिथी अवश्य साजरी करावी. फक्त त्या दिवशी आठवणी सांगणाऱ्याने आधी त्यांची एक कविता पूर्ण वाचून दाखवावी आणि ती कशी बांधली आहे, ते सांगावे. ते जमत नसेल, तर भुतांनाही तसदी देऊ नये.