शंका न येणारा सेनापती

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. गीतेचा आरंभच मुळी शस्त्र खाली ठेवणाऱ्या योद्ध्याच्या शंकेने होतो. आज लष्करी निर्णय कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवू पाहणाऱ्यांना ही शंकाच अडथळा वाटते.

यंत्र थकत नाही, क्षणात हजारो नोंदी चाळते, हे खरे. शत्रूजवळ ते असताना आपण मागे का राहावे, हा प्रश्नही उडवून लावण्यासारखा नाही. परंतु २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत संगणकाने अमेरिकी क्षेपणास्त्रे निघाल्याची वर्दी दिली, तेव्हा स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने ती खोटी ठरवली. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. अवघ्या पाच क्षेपणास्त्रांनी कोणी महायुद्ध सुरू करीत नाही, हा विचार माणसाला सुचला, यंत्राला नव्हे.

९ मार्च २०२२ रोजी आपले क्षेपणास्त्र चुकून सुटले व पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. पाकिस्तानने प्रतिहल्ला केला नाही. भारताने चूक मान्य केली. तीन अधिकारी बडतर्फ झाले. विचाराला अवकाश होता आणि चुकीला धनी होता. उद्या दोन्हीकडून यंत्रेच उत्तर देऊ लागली, तर मुत्सद्द्यांनी दूरध्वनी उचलण्यापूर्वीच युद्ध पेटेल. मग बडतर्फ कोणाला करणार?

जुलै २०२२ मध्ये संरक्षण खात्याने या तंत्रावरची ७५ उत्पादने जाहीर केली. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वयंचलित संहारक शस्त्रांविषयीचा ठराव १५२ मतांनी संमत केला. विरोधात पडलेल्या चार मतांत एक भारताचे होते. ही चर्चा जिनिव्हाच्या शस्त्रास्त्रविषयक परिषदेतच व्हावी, असे सरकारचे म्हणणे. परंतु व्यासपीठ कोणतेही असो, भारत तेथे कोणती मर्यादा मागणार, हे जनतेला कळले पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिका आणि चीन यांच्या अध्यक्षांनीही अण्वस्त्रांचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा, एवढे मान्य केले.

वरणगाव आणि भुसावळच्या आयुधनिर्माणींमुळे हा विषय खानदेशाला परका नाही. वरणगावचे काडतूस ज्या बंदुकीत भरले जाते, तिचा चाप ओढणाऱ्याला जाब विचारता येतो. तोच नियम यंत्रालाही लागू करा, ही आपली मागणी असली पाहिजे. संहाराचा अंतिम निर्णय माणसाचाच राहील आणि तो घेणारा संसदेला उत्तरदायी असेल, असा कायदा हवा. जळगाव, रावेर आणि धुळ्याच्या खासदारांना हा प्रश्न कार्यकर्त्यांनी जाहीर सभांतून विचारावा. यंत्राला शंका येत नाही. म्हणून ती नागरिकांनी घेतली पाहिजे.