डाकीण छापण्याआधी

कोंडाईबारीचा घाट उतरून आलेले ट्रक रात्री विसरवाडीत टेकतात. टपरीवरच्या दुसऱ्या चहाला भुताची गोष्ट निघतेच. चहा उकळण्याआधी ती संपली तर सांगणारा कच्चा.

छापील गोष्टीला असा टपरीवरचा श्रोता सहसा मिळत नाही. स्टीफन किंगने ‘कॅरी’ची सुरुवातीची पानं कचऱ्यात टाकली होती. ती उचलून पुढे लिहायला लावणारी त्याची पहिली वाचक म्हणजे बायको टॅबिथा. १९७४ साली कादंबरी आली. त्याच किंगचं भय नारायण धारपांनी ‘लुचाई’त मराठी मातीत रुजवलं.

आमच्या येत्या भय-अद्भुत विशेषांकातल्या कथा म्हणूनच छपाईआधी विसरवाडी-नवापूरच्या वाचकांपुढे ठेवायच्या आहेत. शहरातल्या लेखकाची ‘डाकीण’ म्हणजे उलटे पाय आणि मोकळे केस. या पट्ट्यात मात्र तोच शब्द एखाद्या विधवेच्या दारावर चिकटतो आणि तिला गाव सोडावं लागतं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा. शब्द त्याहून कितीतरी जुना.

‘छान आहे’ एवढंच कळवणाऱ्यांचे आभार, पण उपयोग शून्य. भीती नेमकी कुठे ओसरली, कुठे हसू आलं, मावची किंवा अहिराणी संवाद कुठे खोटा वाजला, ते पानाच्या समासातच लिहावं. पेन्सिल चालेल.