मेणाचा गोळा आणि घरची शाळा

मराठी घरांत मेण हा पदार्थ नवा नव्हे. दोन पिढ्यांपूर्वीं सुवासिनींच्या फणीकरंड्याच्या पेटींत मेणाची एक लहानशी डबी असावयाचीच. बोटानें कपाळीं मेणाचा ठिपका लावावा आणि त्यावर कोरडें कुंकू दाबून बसवावें, म्हणजे तें दिवसभर पसरत नसे. शिंपी व चांभार आपला दोरा मेणावरून ओढून घेत, म्हणजे तो चिवट होई. पुढें टिकल्यांचीं पाकिटें आलीं आणि ती डबी माळ्यावर गेली. अमरकोशांत मेणास मधूच्छिष्ट व सिक्थक अशीं दोन नांवें दिलेलीं आहेत. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचें उष्टें. एरवीं उष्ट्याखरकट्याचा केवढा तरी विटाळ मानणाऱ्या आमच्या आजीच्या पिढीनें हें एक उष्टें मात्र मानानें कपाळीं लाविलें, हें मनांत येऊन आम्हांस हंसूं येतें.

हें सांगण्याचें निमित्त असें कीं, गेला महिनाभर आमच्या घरांत मेणाचें राज्य आहे. आमचा नातू अकरा वर्षांचा, नात सात वर्षांची. नातू दोन वर्षांपासून शाळेंत जात नाहीं, आणि नातीस तर पहिलींत घातलेंच नाहीं. दोघेंही घरींच शिकतात. छत्तीस वर्षें खडू झिजविलेल्या मास्तराच्या घरीं असें व्हावें याचें पुष्कळांस नवल वाटतें, आणि तें ते बोलूनही दाखवितात. कारण अगदीं साधें होतें. मुलगा वाचनांत मंद. साठ मुलांच्या वर्गांत त्याच्यासाठीं थांबावयास कोणास सवड नव्हती. पुढें पुढें सकाळीं दप्तर दिसलें कीं त्याचें पोट दुखूं लागे. रविवारीं दुखत नसे. चिरंजीव व सूनबाई यांनीं विचार करून त्यास काढून घेतलें. आमचें मत विचारलें तेव्हां आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, काढावयाचा तर काढा, पण मग घरांत खरोखर कोणी तरी शिकवावें लागेल.

कायद्याविषयीं लोकांच्या मनांत पुष्कळ गोंधळ असतो, म्हणून दोन शब्द सांगतों. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. शाळेबाहेर राहिलेल्या मुलास त्याच्या वयास योग्य अशा इयत्तेंत प्रवेश मिळावा, अशी तरतूद त्यांतच आहे. म्हणजे परतीची वाट बंद होत नाहीं. दहावीच्या परीक्षेस आपल्याकडे सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसतां येतें, आणि १९८९ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थाही आहे. तेव्हां परीक्षेची भीति हें कांहीं मोठेंसें कारण नव्हे. मोठीं कारणें निराळीं आहेत; त्यांकडे पुढें वळूं.

मेण आलें तें महाबळेश्वराकडून. त्याच तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें, हें वाचकांस ठाऊक असेल. चिरंजीव तिकडे कामास गेले असतां एका मधपाळाकडून किलोभर मेण घेऊन आले. हळदीच्या रंगाचें, मधाचा वास असलेलें, आणि मध्यें माशांचे पंख व काड्या अडकलेलें. नातीनें पहिल्याच दिवशीं पोळ्याचा एक तुकडा भिंगाखालीं धरून घरांच्या बाजू मोजल्या व सहा भरतात असें जाहीर केलें. मग माशांचा विषय निघाला. आग्या, सातेरी, फुलोरी यांची ओळख झाली. मेण फुलांतून येत नाहीं, तें कामकरी माशीच्या पोटाखालच्या चार जोड ग्रंथींतून बारीक पापुद्र्यांच्या रूपानें पाझरतें, आणि ती तें तोंडांत चावून मऊ करून पोळ्यास लाविते, हें ऐकून दोघेंही चकित झालीं. हें काम माशी तरुणपणीं करते, साधारण बारा ते अठरा दिवसांची असतां. एक किलो मेण करावयास तिला सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असें जाणते सांगतात. ‘म्हणजे मेण मधापेक्षां महाग हवें,’ असें नातू म्हणाला. बाजारभावाचा हिशेब इतका सरळ नसतो, हें त्यास अजून कळावयाचें आहे.

मेण वितळविण्याचें काम आमच्या देखरेखीखालीं झालें, आणि ज्या घरीं हा उद्योग करावयाचा असेल तेथील वडीलधाऱ्यांनीं येथें थोडें लक्ष द्यावें. मेण प्रत्यक्ष आंचेवर कधींही ठेवूं नये. मोठ्या पातेल्यांत पाणी, त्यांत मेणाचें लहान पातेलें, अशी योजना करावी. मेण बासष्ट ते चौसष्ट अंशांवर वितळतें. पाणी शंभराच्या वर जात नाहीं. त्यामुळें मेण मर्यादेंत राहतें. थेट आंचेवर तें दोनशें अंशांपलीकडे गेल्यास त्याची वाफ पेट घेऊं शकते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतणें म्हणजे आग घरभर उडविणें होय. झांकण घालावें व शेगडी बंद करावी. पातेलें स्टीलचें घ्यावें. तांब्यापितळेच्या भांड्यानें मेणाचा रंग बिघडतो. आणि तें पातेलें पुन्हां स्वयंपाकास घेऊं नये. ही शेवटली अट सौभाग्यवतींनीं घातली व त्यावर अपील चाललें नाहीं.

जुन्या पंचांतून मेण गाळलें. निवत असतां नातवानें घट्ट मेणाचा एक तुकडा वितळलेल्या मेणांत टाकला, तों तो बुडाला. त्याच संध्याकाळीं सरबतांत बर्फ तरंगतांना पाहून त्यानें आपण होऊन विचारलें कीं, बर्फ पाण्यांत तरंगतो तर मेण मेणांत कां बुडतें? छत्तीस वर्षांत आम्हीं घनतेचा धडा पुष्कळ वेळां शिकविला असेल, पण हा प्रश्न वर्गांतून आल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. मेण गोठतांना आकसतें आणि पाणी गोठतांना फुगतें, हें सांगितल्यावर त्यानें निवालेल्या पातेल्यांत मध्यें पडलेला खळगा आणून दाखविला. पुरावा त्याचा त्यानेंच शोधला होता.

मेणबत्त्या सांच्यांत न ओततां बुडवून केल्या. आजीनें सुताच्या वाती वळून दिल्या. वात मेणांत बुडवावयाची, काढावयाची, थंड होऊं द्यावयाची, पुन्हां बुडवावयाची. घाई केल्यास आधींचा थर वितळून जातो. एका बत्तीस तीसेक बुड्या लागल्या. मधल्या वेळांत पडवींतून एक फेरी मारावयाची, आणि फेरी मारतांना एक पाढा म्हणावयाचा, असा नियम आम्हीं घालून दिला. एकोणतिसाचा पाढा ज्याच्या तोंडून कधीं पुरा निघाला नव्हता, त्यानें तो त्या दिवशीं दोनदां म्हटला. पावकी व निमकीही झाली. औटकीस मात्र मेण संपेपर्यंत हात लागला नाहीं. पाठांतरास हल्लीं नाक मुरडण्याची रीत पडली आहे. सूनबाईही थोडें मुरडतात. आमचें मत असें कीं, हात गुंतलेले असतां तोंडास पाढा दिला तर मुलास त्याचा जाच होत नाहीं.

रात्रीं चिरंजीव मुलांना मायकेल फॅरडे यांचीं मेणबत्तीवरील व्याख्यानें मराठींत सांगत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८६०-६१ च्या नाताळांत मुलांसमोर दिलेलीं हीं सहा व्याख्यानें. ज्योतीवर थंड चमचा धरला कीं त्यावर दंव धरतें, म्हणजे जळण्यांतून पाणी निघतें. नुकत्याच विझविलेल्या बत्तीचा पांढरा धूर वर जात असतां त्यास काडी लावली, तर ज्योत धुराच्या वाटेनें खालीं उडी मारून वात पेटविते. म्हणजे जळतें तें मेण नव्हे, मेणाची वाफ. हा दुसरा प्रयोग नातीनें इतक्या वेळां केला कीं काड्यापेटी लपवावी लागली. फॅरडे लोहाराचा मुलगा. शाळेंत जेमतेम लिहावयास वाचावयास शिकला, आणि चौदाव्या वर्षीं पुस्तकें बांधणाराकडे उमेदवार राहिला. घरीं शिकविणारे पालक हें उदाहरण फार आवडीनें देतात. पण तो बांधावयास आलेलीं पुस्तकें रात्रीं वाचीत बसे, आणि १८१२ सालीं डेव्हीचीं व्याख्यानें ऐकून त्यानें तीं टिपून बांधून काढलीं, हेंही सांगितलें पाहिजे. त्यास शाळा नव्हती. गुरु होता, आणि गुरूचें म्हणणें उतरवून घेण्याचे कष्ट होते.

तिसऱ्या आठवड्यांत आकृति करण्यास आरंभ झाला. मेणांत तिळाच्या तेलाचे कांहीं थेंब घालून त्याच्या वड्या केल्या. ही वडी हातांत घेतली तर दगडासारखी असते. मुठींत धरून बसावें लागतें. हाताची ऊब पोंचली म्हणजे ती मऊ येते. १९१९ सालीं श्टुटगार्ट येथें जी वाल्डोर्फ शाळा निघाली, तिच्या परंपरेंत लहान मुलांच्या हातीं असेंच मेण देतात. नातीनें चिमण्या केल्या, नातवानें बैल. बैलाचे पाय दोनदां मोडले. तेव्हां आम्हीं त्यास मानसोल्लासाची गोष्ट सांगितली. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें रचलेल्या या संस्कृत ग्रंथांत मेणाच्या मूर्तीवरून धातूची मूर्ति ओतण्याचा विधि दिला आहे. मेणाच्या मूर्तीवर मातीचे थर द्यावयाचे, ते वाळवावयाचे, तापवून मेण वाहूं द्यावयाचें आणि त्या पोकळींत धातूचा रस ओतावयाचा. मेणाच्या वजनावरून धातु किती घ्यावा हेंही ग्रंथकारानें सांगितलें आहे. बस्तरचे घडवा कारागीर आणि तामिळनाडूंतील स्वामीमलैचे स्थपति आजही याच मार्गानें ओततात, आणि १९२६ सालीं मोहेंजोदडो येथें सांपडलेली नर्तकीची मूर्तिही अशीच ओतलेली आहे.

नातवानें लगेच तराजू आणला. बैल चाळीस ग्रॅम भरला. पितळ मेणाच्या सुमारें नऊपट जड, तेव्हां पितळेचा बैल साडेतीनशें ग्रॅमांच्या आसपास होईल, असें त्यानें पाटीवर काढलें. गणित बरोबर होतें. खालीं त्यानें ‘पीतळेचा बैल’ असें लिहिलें होतें. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका अजून पुष्कळ होतात, त्या आम्ही झांकून ठेवीत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं तो ओळ वाचावयास घाबरे. आतां पान वाचतो, बोट धरून कां होईना.

आमची कन्या, मुलांची आत्या, गेल्या पंधरवड्यांत माहेरीं आली होती. सगळा प्रकार पाहून ती म्हणाली, ‘नाना, पोराच्या हाताला मेण लागलं हे दिसतं, पण याचं वय शाळेत चार पोरांबरोबर मारामारी करायचं, आजीबरोबर वाती वळायचं नव्हे.’ सूनबाईंस तें लागलें. त्या उठून आंत गेल्या. पण कन्येच्या बोलण्यांत तथ्य होतें. खालच्या अंगणांतील मुलें नातवास विचारतात, ‘तूं कितवींत?’ पूर्वीं तो गप्प बसे. हल्लीं तो सांगतो, ‘सहावीच्या वयाचा आहे.’ हें उत्तर त्यास कोणीं शिकविलेलें नाहीं, आणि तें ऐकलें म्हणजे आम्हांस बरें वाटत नाहीं. पाढे, व्याकरण, घनता हें सर्व घर देऊं शकतें; चाळीस समवयस्कांत आपली जागा धरून ठेवण्याचें शिक्षण घर कोठून आणणार? संध्याकाळचें मैदान थोडें देतें, पुरेसें नाहीं.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे, आणि ती सासऱ्यानें लिहावी हें चमत्कारिक दिसेल. घरच्या शिक्षणाचा बहुतेक भार एकाच व्यक्तीवर पडतो. आमच्या सूनबाईंनीं यासाठीं चांगली नोकरी सोडली. पाहुणे मेणाच्या चिमण्यांचें कौतुक करून गेले, पण ओट्यावर सांडलेलें मेण खरवडीत रात्रीं दहा वाजतां कोण उभें होतें, हें कोणीं विचारलें नाहीं. एकत्र कुटुंबांत चार मोठीं माणसें असतां असें कां व्हावें? म्हणून आतां वांटणी केली आहे. सकाळीं आठ ते दहा आमच्याकडे संस्कृत व गणित. दुपारीं आजीकडे गाणीं व शिवण. रविवारचा दिवस सर्वस्वीं चिरंजीवांचा. आणि जो वितळवील त्यानेंच पुसावयाचें. कपड्यावर मेण पडल्यास त्यावर टीपकागद ठेवून गरम इस्तरी फिरवावी, कागद मेण ओढून घेतो; हें काम नातवास उत्तम जमतें.

कन्या गेल्यावर आम्ही चौघे नातवासह बसलों व त्यालाच विचारलें. त्यानें बराच वेळ हातांतली वडी मळली आणि म्हणाला, ‘शाळेत जाईन, पण मोठ्यानं वाचायला लावलं तर?’ यावर कोणाजवळ तयार उत्तर नव्हतें. सूनबाईंनींच तोड काढली कीं, जवळच्या एका लहान शाळेच्या मुख्याध्यापकांस आधीं भेटावें, मुलाच्या वाचनाविषयीं कांहींएक न लपवितां सांगावें, आणि त्यांनीं समजूतदारपणें घेतलें तरच जूनमध्यें वयाप्रमाणें सातवींत घालावें. एरवीं आणखी एक वर्ष घरीं. चिरंजीवांनीं हरकत घेतली नाहीं, पण त्यांचा जीव नाखूष दिसला. नात मात्र घरींच राहणार, आणि भाऊ शाळेंत गेल्यास त्याच्या वाट्याचें मेण आपलें, असें तिनें आतांच सांगून ठेविलें आहे.

भेटीचा दिवस पुढल्या सोमवारचा ठरला आहे. मुख्याध्यापकांस दाखविण्याकरितां नातवानें मेणबत्त्यांची वही स्वतः कोरी करून पुन्हां लिहावयास घेतली आहे. काल सायंकाळपर्यंत तीन पानें झालीं होतीं, व त्यांत पितळेचा पि ऱ्हस्व होता.