छत्र्यांच्या आडचा साती

फ्रेंच संगीतकार एरिक सातीवर लिहायचे म्हटले की लेखणी आधी त्याच्या छत्र्यांकडे धावते. मग एकसारखे मखमली सूट, मग स्वतःच स्थापन केलेले आणि स्वतःखेरीज एकही अनुयायी नसलेले चर्च, मग ‘पेअरच्या आकाराचे तीन तुकडे’ असे नाव असलेली आणि प्रत्यक्षात सात तुकड्यांची रचना. यातले काहीच खोटे नाही. पण एवढे सांगून होईपर्यंत लेख संपत आलेला असतो, आणि वाचकाच्या मनात उरतो तो पॅरिसमधला एक गमत्या माणूस, ज्याने अधूनमधून पियानोसाठी थोडे गोड संगीतही लिहिले. या चित्राबद्दल माझी तक्रार आहे. ते एका मोठ्या संगीतकारावर अन्याय करते, आणि आपल्याला त्याचे संगीत ऐकण्याच्या जबाबदारीतून सोडवते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. सातीने सिंफनी लिहिली नाही, चारचौघांसारखा ऑपेरा लिहिला नाही. पॅरिसच्या कॉन्झर्व्हात्वारमधून त्याला काढून टाकले होते. त्याच्या रचना लहान आहेत, त्यांत स्वरांची दाटी नाही, एखादी कल्पना घेऊन तिचा विस्तार करणे नाही. देब्युसी, रावेल, कॉक्तो यांच्यासारखे मित्र लाभले म्हणून नाव टिकले, नाहीतर मोंमार्त्रच्या कॅबरेत पियानो वाजवणाऱ्या शेकडो जणांपैकी तो एक ठरला असता. पिअर बुलेझसारख्या मोठ्या संगीतकारानेही त्याची खिल्ली उडवली आहे. थोडक्यात आरोप असा, की जमत नव्हते म्हणून त्याने साधे लिहिले, आणि साधेपणा लपवायला विक्षिप्तपणाचा झगा पांघरला.

आता या माणसाचे आयुष्य तारखांच्या क्रमाने पाहू. १८६६ मध्ये नॉर्मंडीतल्या आँफ्लर या बंदराच्या गावी त्याचा जन्म झाला. १८७९ मध्ये तो कॉन्झर्व्हात्वारमध्ये दाखल झाला. तिथल्या शिक्षकांनी त्याला आळशी ठरवले, १८८२ मध्ये काढले, १८८५ मध्ये परत घेतले, आणि पुढच्याच वर्षी लष्करात भरती होऊन तो तिथून कायमचा सुटला. इथपर्यंतची हकिकत सगळे चवीने सांगतात. पुढची मात्र घाईत उरकली जाते. १९०५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ‘जिम्नोपेदी’ या पियानोरचना लिहून सतरा वर्षे उलटल्यावर, साती पुन्हा विद्यार्थी झाला. तोही कुठे, तर वँसाँ दँदीच्या स्कोला कांतोरुम या संगीतशाळेत, जिथे जुन्या धर्मसंगीतापासून काउंटरपॉइंटपर्यंत, म्हणजे अनेक स्वररेषा एकत्र गुंफण्याच्या तंत्रापर्यंत, सगळे कडक शिस्तीने शिकवले जाई. देब्युसीने त्याला या फंदात पडू नकोस असे सुचवले होते. सातीने ऐकले नाही. स्वतःहून तीन वर्षांनी लहान असलेल्या आल्बेर रुसेलकडे तो काउंटरपॉइंट शिकला, तरुण पोरांच्या रांगेत बसून स्वाध्याय लिहिले, आणि १९०८ मध्ये उत्तम शेऱ्यासह पदविका घेऊन बाहेर पडला.

हे करताना तो सुखवस्तू नव्हता. १८९८ पासून तो पॅरिसच्या दक्षिणेला आर्केय या कामगारांच्या उपनगरात एका खोलीत राहत होता. खोलीत नळ नव्हता. कॅबरेत गायकांची साथ करून पोट भरायचे आणि रात्री उशिरा बऱ्याचदा पायीच कित्येक किलोमीटर चालत घरी यायचे, असा दिनक्रम. ज्याला आपले अज्ञान मिरवायचे आहे, अज्ञानाचीच फॅशन करायची आहे, तो माणूस असल्या परिस्थितीत तीन वर्षे फ्यूगचे गणित सोडवत बसेल का?

खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. साधेपणा ही जर असमर्थता असती, तर सामर्थ्य आल्यावर ती गेली असती. शिकून आलेल्या माणसाने आता मोठे, गुंतागुंतीचे, पंडितांना खूश करणारे काहीतरी लिहिले असते. सातीने काही काळ फ्यूग आणि कोराल लिहिले, आणि नंतर त्याचे संगीत आधीपेक्षाही विरळ झाले. दोन स्वररेषा, मध्ये मोकळी जागा, एकही स्वर भरतीचा नाही. काय काय करता येते हे कळल्यावर त्याने ते टाकले. टाकण्याला आधी हातात काहीतरी असावे लागते, आणि त्याच्या हातात ते होते याचा लेखी पुरावा १९०८ चा आहे.

पण मग शिकण्याआधीच्या रचनांचे काय? ‘साराबांद’ १८८७ च्या, ‘जिम्नोपेदी’ १८८८ च्या. तो तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा होता. त्या काळी फ्रान्समधले संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांसाठी बायरॉइटच्या वाऱ्या करत होते. स्वरसंगतीत ताण निर्माण करायचा, तो वाढवत न्यायचा, सुटका लांबवायची आणि शेवटी मोठ्या लाटेसारखी ती आणायची, हे त्या संगीताचे इंजिन. पहिल्या ‘जिम्नोपेदी’त साती हे इंजिनच बंद करतो. तीन मात्रांचे संथ आवर्तन, पहिल्या मात्रेवर खर्जातला एक स्वर, दुसरीवर एक स्वरगुच्छ, आणि वर एक रेष सावकाश उतरत जाते. सुरुवातीला डाव्या हाताला दोनच स्वरगुच्छ आळीपाळीने येतात, दोन्ही सप्तम असलेले. पाश्चात्त्य व्याकरणानुसार असा सप्तम पुढे कुठेतरी सुटायला हवा, कारण तो अपुरा मानला जाई. इथे तो सुटत नाही. त्याला सुटायचेच नाही. जे संक्रमण समजले जात होते ते मुक्कामाचे ठिकाण झाले.

ख्यालाच्या बढतीवर तयार झालेल्या आपल्या कानांना इथे अडचण येते, हे मला मान्य आहे. आपण वाट पाहतो की आता हा विचार उलगडेल, नवा स्वर लागेल, लय चढेल. तसे होत नाही. शिवाय ‘जिम्नोपेदी’ एक नसून तीन आहेत आणि तिन्ही जवळजवळ सारख्या. पहिलीवर संथ आणि वेदनामय, दुसरीवर संथ आणि खिन्न, तिसरीवर संथ आणि गंभीर अशी सूचना. एकच वस्तू तीन बाजूंनी पाहावी तसे हे आहे. विस्तार नाही म्हणून रचना नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्याने तिन्ही सलग ऐकल्या आहेत का, एवढेच मला विचारायचे आहे. १८९७ मध्ये देब्युसीने वाद्यवृंदासाठी बांधलेल्या त्यांतल्या दोन पॅरिसमध्ये वाजल्या. स्वतःच्या वाद्यवृंदाच्या कसबाबद्दल अत्यंत चोखंदळ असलेला माणूस ही मेहनत केवळ मित्राच्या प्रेमापोटी घेत नाही.

सातीच्या काही उत्साही भक्तांनाही इथे थांबवावे लागेल. देब्युसी सातीतूनच निघाला, असे ते म्हणतात. ही अतिशयोक्ती आहे आणि सातीला तिची गरज नाही. दोघांची भेट १८९१ च्या सुमाराची, आणि तोवर देब्युसीचा स्वतःचा मार्ग सुरू झाला होता. खरे इतकेच, की ‘साराबांद’मधल्या न सुटणाऱ्या स्वरगुच्छांच्या ओळी सातीने त्या भेटीआधीच लिहून ठेवल्या होत्या.

दुसरा आक्षेप विनोदाचा. पेअरच्या आकाराचे तुकडे, वाळलेले भ्रूण, कारकुनी सोनाटिना, आणि स्वरलिपीच्या मध्ये वादकासाठी लिहिलेली विचित्र वाक्ये. यावरून तो विदूषक ठरतो. पण १९१४ च्या एका पियानोसंचाच्या सुरुवातीला त्याने स्पष्ट मनाई लिहून ठेवली आहे: वादन चालू असताना हा मजकूर मोठ्याने वाचायचा नाही. म्हणजे ही वाक्ये श्रोत्यांना हसवायला नव्हतीच. ती पियानोवर बसलेल्या एकट्या माणसाशी केलेली कुजबुज होती. ‘खेळ आणि करमणुकी’ या १९१४ च्या संग्रहातले एकवीस तुकडे पाहा. त्यांतले काही अर्ध्या मिनिटात संपतात. त्याने ते काळ्या आणि लाल शाईत, सुलेखनकाराच्या चिकाटीने स्वतः लिहून काढले. चेष्टा करणारा माणूस हस्तलिखितावर इतका जीव टाकत नाही.

१८ मे १९१७ रोजी पॅरिसच्या शातले थिएटरात ‘पाराद’ हे बॅले झाले. दिअगिलेवची बॅले मंडळी, कॉक्तोची कल्पना, पिकासोचे नेपथ्य आणि पोशाख, मासिनचे नृत्य, सातीचे संगीत. वाद्यवृंदात टाइपरायटर, भोंगा आणि पिस्तूल होते म्हणून आजही बोलले जाते ते त्याबद्दलच. हे आवाज घालण्याचा आग्रह कॉक्तोचा होता. त्यांच्याखाली जे संगीत आहे ते मोजून मापून बांधलेले, एका फ्यूगसदृश पूर्वरंगाने सुरू होणारे. प्रयोगानंतर एका टीकाकाराला सातीने उघड्या पोस्टकार्डावर शिव्या लिहून पाठवल्या आणि न्यायालयाने त्याला आठ दिवसांची शिक्षा सुनावली. ती भोगावी लागली नाही. हा प्रसंग किस्सा म्हणून रंगवला जातो. मला त्यात अपमान झालेला, गंभीर आणि गरीब कलावंत दिसतो.

आणि या खटल्याच्या आगेमागे तो काय लिहीत होता? ‘सोक्रात’. प्रिन्सेस दे पोलिन्याकने मागवलेली, प्लेटोच्या संवादांचे व्हिक्टर कुझँने केलेले फ्रेंच भाषांतर घेऊन रचलेली, आवाज आणि छोट्या वाद्यवृंदासाठीची रचना. तीन भाग. पहिल्यात सॉक्रेटिसचे वर्णन, दुसऱ्यात नदीकाठची भेट, तिसऱ्यात तुरुंगातला मृत्यू. सुमारे अर्ध्या तासात कुठेही आवाज चढत नाही. गाण्याची ओळ बोलण्याच्या जवळ राहते, साथीतले लहान आकृतिबंध शांतपणे पुन्हा पुन्हा येतात. विषाचा पेला येतो तेव्हाही संगीत रडत नाही, श्रोत्याला रडायला सांगत नाही. ज्याला फक्त गंमत कळत होती त्याच्या हातून हे संयमाचे काम झाले असते, असे मानणे मला अशक्य वाटते. १९२० मधल्या प्रयोगात काही श्रोते हसले, कारण सातीचे नाव पाहून ते हसायलाच आले होते. विदूषकाच्या त्या प्रतिमेने सातीचे केलेले हे पहिले मोठे नुकसान.

दुसरे नुकसान आज त्याच्यावर प्रेम करणारे करतात. मसाज पार्लर, जाहिराती, झोपेसाठीच्या याद्या, सगळीकडे पहिली ‘जिम्नोपेदी’. समर्थन विचारले तर उत्तर तयार असते की पार्श्वसंगीताची कल्पना सातीचीच होती. ‘फर्निचर संगीत’ ही कल्पना त्याची खरीच. ८ मार्च १९२० रोजी पॅरिसच्या एका कलादालनात, नाटकाच्या मध्यंतरात, त्याने आणि संगीतकार दारियुस मियोने ते वाजवून घेतले. लोक गप्प बसून ऐकू लागले तेव्हा, बोला, फिरा, ऐकू नका, असे साती त्यांना विनवत राहिला. पण जे न ऐकण्यासाठी होते ते त्याने वेगळे लिहिले होते, हे इथे विसरले जाते. त्यासाठी त्याने इतरांच्या लोकप्रिय रचनांतले तुकडे घेऊन मुद्दाम निर्विकार, भिंतीच्या कागदासारखे फिरून फिरून तेच येणारे काही रचले. ‘जिम्नोपेदी’ त्याने तिथे ठेवली नाही. ऐकायचे संगीत आणि वापरायचे संगीत यांच्यातली रेघ विसाव्या शतकात इतक्या स्पष्टपणे ओढणारा जो माणूस, त्याच्याच नावाने ती पुसली जाते आहे.

सातीचा प्रभाव शोधायचा तर त्याच्या चालींच्या नकलांत तो मिळणार नाही. अमेरिकन संगीतकार जॉन केजने तो बरोबर ओळखला. १९४८ मध्ये ब्लॅक माउंटन कॉलेजात त्याने सातीच्या संगीताचा महोत्सव भरवला आणि भाषणात मांडले की संगीताचा सांगाडा स्वरसंगतीवर उभा करण्याऐवजी काळाच्या लांबीवर उभा करता येतो, आणि सातीने ते करून दाखवले. रने क्लेरच्या १९२४ च्या ‘आंत्राक्त’ या छोट्या चित्रपटाचे संगीत ऐकताना हे कळते. लहान लहान घटक, दृश्याच्या लांबीनुसार हवे तितक्या वेळा फिरवलेले, भावनेच्या चढउताराशी नाते न सांगणारे. मग येते ‘व्हेक्सासियाँ’, १८९३ च्या सुमाराची एका पानाची रचना. तिच्यावर सातीने लिहून ठेवले आहे की हा स्वरबंध ८४० वेळा वाजवायचा असेल तर आधी शांतपणे, निश्चल बसून तयारी करावी. १९६३ मध्ये केजने न्यूयॉर्कमध्ये अनेक पियानोवादकांची फळी उभी करून ती पूर्ण वाजवून घेतली. अठरा तासांहून अधिक वेळ लागला. बढत नसलेले संगीत ऐकणाऱ्याचे लक्ष कसे बदलवते, हा प्रश्न सत्तर वर्षे एका कागदावर पडून होता. पुढचे अमेरिकन मिनिमलिस्ट आणि ब्रायन ईनो यांना मोकळी जमीन मिळाली ती या प्रश्नामुळे. ‘सोक्रात’च्या प्रकाशकाने परवानगी नाकारली तेव्हा केजने १९६९ मध्ये तिचाच लयसांगाडा ठेवून स्वर बदलले आणि नवी रचना केली. पाडल्यावरही जिचा सांगाडा उभा राहतो, अशी ती इमारत होती.

१ जुलै १९२५ ला साती गेला. सत्तावीस वर्षे ज्या खोलीत त्याने कुणाला येऊ दिले नव्हते तिथे मित्र शिरले आणि त्यांना त्या छत्र्या दिसल्या. त्याच खोलीत हरवली समजलेली हस्तलिखितेही मिळाली. छत्र्यांची गोष्ट जगभर गेली. याच माणसाने आर्केयमधल्या मुलांना स्वरज्ञान शिकवले, त्यांना सहलींना नेले, आणि त्या कामासाठी १९०९ मध्ये त्याला सरकारी सन्मान मिळाला, हे किती जणांच्या कानावर गेले?

म्हणून पियानोच्या मैफली ठरवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. पहिली ‘जिम्नोपेदी’ शेवटची फर्माईश म्हणून वाजवू नका. तिन्ही एकत्र, क्रमाने, कार्यक्रमाच्या मध्यभागी ठेवा. एखादी तयारीची गायिका मिळाली तर ‘सोक्रात’ संपूर्ण करा, पियानोच्या साथीनेही चालेल, आणि प्रास्ताविकातून विक्षिप्तपणाचे किस्से वगळा.