‘पार’ म्हणजे नुसते ‘क्रॉस’ नव्हे

रस्ता पार करतात, म्हणून ‘पार’ म्हणजे ‘क्रॉस’, असे आपली मुले वहीत लिहितात. पण समारंभ पार पडतो, जबाबदारी पार पाडतात, खेळून आपण पार दमतो. वडाचा पार तर निराळाच; त्यावर गप्पा रंगतात. संस्कृतात ‘पार’ म्हणजे पलीकडचा काठ. तिथे पोचला तो पारंगत. ज्याला तो काठच नाही ते अपार.

एका शब्दाला एकच इंग्रजी प्रतिशब्द, अशा याद्या पाठ करून घेणे आपण पालकांनी थांबवावे, असे आम्हांस वाटते. याद्यांनी परीक्षा पार पडते. आजीशी फोनवर बोलताना मात्र मुले अडतात. शब्द वाक्यातच शिकवू या.

मुलांनो, आज जेवताना ‘पार’ची पाच वाक्ये करा बघू!