स्वयंपाकघरातील लाकडी फळी : रंग, पॉलिश आणि विवेक

नव्या घराच्या नकाशात हल्ली ग्रॅनाइटच्या ओट्याशेजारी जाड लाकडी फळी दिसू लागली आहे. सांगली-साताऱ्याच्या फर्निचर दुकानांत तिला 'बुचर ब्लॉक' म्हणतात. नावाचा अर्थ खाटकाचा ठोकळा असला, तरी वस्तू म्हणजे कठीण लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेली फळी. आपल्या पोळपाट-काथवटीचीच ती धाकटी बहीण. नावाने बिचकण्याचे कारण नाही. मात्र ती कशाने चिकटवली आणि कशाने चमकवली, याची चौकशी अवश्य करावी.

पूर्वी सुतार सरस वापरीत. सरस जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून होतो. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आल्यानंतर कृत्रिम पांढऱ्या गोंदाने त्याची जागा हळूहळू घेतली. तरीही जुन्या पद्धतीच्या कारागिराला विचारलेले बरे. दुसरा प्रश्न पॉलिशचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा म्हणजे लाख, आणि लाख हा कीटकांचा स्राव. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य गणले आहे. जो व्यापार आपल्या पेढीवर वर्ज्य, तो माल आपल्याच फळीवर नकळत का यावा? शिवाय गरम पातेले ठेवताच चपड्यावर पांढरे वर्तुळ उमटते. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या लाकडी मलमांत बहुधा मधमाश्यांचे मेण असते. त्याऐवजी ताडवर्गातील एका झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण मिळते.

भाजी चिरण्याच्या पृष्ठभागास रंग देऊ नये. सुरीच्या घावांनी रंग व मेलामाइनचे पापुद्रे अन्नात उतरतात. सागवान, शिसव यांचा मूळ रंग तेलानेच खुलतो. तेल मात्र सुकणारे हवे. शेंगदाण्याचे तेल सुकत नाही, खवट होते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. रंगाच्या दुकानातील 'डबल बॉइल्ड' जवस तेल घेऊ नये. ते लवकर सुकावे म्हणून त्यात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. खाण्याचे, घाण्याचे कच्चे तेल घ्यावे.

फळी ८०, १२० व २२० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासावी. ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी. उठलेले तंतू पुन्हा २२० ने हलके घासावेत. मग तेलाचा पातळ हात वर, खाली आणि चारही कडांना द्यावा. एकाच बाजूस तेल दिल्यास फळी वाकते. वीस मिनिटांनी उरलेले तेल पुसून घ्यावे. असे तीन-चार हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर काही दिवस, पावसाळ्यात अधिक, थांबावे. तेलकट फडकी बोळा करून ठेवू नयेत. जवस तेल सुकताना उष्णता निर्माण होते व बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून टाकावीत.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा डाग मात्र कुणालाच नको. तो लगेच पुसावा. राहिलाच, तर फळी काही वेळ उन्हात ठेवावी. हळदीचा रंग उन्हाने उडतो. रोजच्या धुण्यानंतर फळी उभी ठेवून कोरडी करावी. ओल राहिली की बुरशी धरते, आणि बुरशी म्हणजे जीवोत्पत्ती, हे आपल्या घरांतील गृहिणींना सांगावे लागत नाही.

बँकेत कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी अटी वाचून घ्या, असे आम्ही ग्राहकांस सांगत असू. येथेही तेच करावे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी गोंद कोणता, पॉलिश कोणते, तेल कोणते, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कोटेशनवरच लिहून घ्यावीत. फळी घरी आल्यावर चपडा खरवडून काढण्याचा खर्च व मनःस्ताप त्यामुळे वाचतो.