नाव कुणाचं खराब?

आमच्या सोसायटीच्या बैठकीत बेळ्ळंदूरचा विषय निघाला की गाडी हमखास बदनामीवर येते. तळ्याचा फेस दाखवून दाखवून लोकांनी आपलं नाव घालवलं, फ्लॅटचे भाव पाडले! त्यात पुण्याहून आलेले आम्ही मीठ चोळतो : ‘आमच्याकडे असं नाही बुवा.’

जानेवारी २०१८मध्ये तळ्याला आग लागली, विझवायला लष्कराचे जवान आले. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या ‘ईज ऑफ लिव्हिंग’ यादीत पुणं पहिलं, बेंगळुरू ५८वं. मार्च २०२१च्या यादीत, दहा लाखांवरच्या शहरांत, बेंगळुरू पहिलं, पुणं दुसरं. मधल्या काळात काय झालं? जानेवारी २०२०मध्ये इथल्याच करियम्मन अग्रहारात मजुरांच्या झोपड्या ‘बांगलादेशी’ म्हणून पाडल्या. त्यांत उत्तर कर्नाटकातले लोकही होते. या कारवाईला कायद्याचा आधार नाही, असं उच्च न्यायालयानं म्हटलं. पहिल्या क्रमांकाला त्यानं काही बाध आला नाही.

भाषांतर हा माझा धंदा. ‘लिव्हिंग’ला मराठीत दोन शब्द आहेत : राहणं आणि जगणं. राहायला फ्लॅट पुरतो, जगायला शेजार लागतो. यादी राहणं मोजते, आणि आपण तेवढ्यावरच भांडतो.

तो फेस कुणी बाहेरून आणून टाकलेला नाही. तो आपल्याच मोऱ्यांतला, आपल्याच साबणाचा आहे. पुढच्या बैठकीत भावाआधी एवढं विचारा : आपलं सांडपाणी जातं कुठे, आणि आपला कचरा उचलणारा रात्री झोपतो कुठे?